टायमिंग लावायला आलेले सासरे

लातूरला मला नोकरी लागली ती एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि क्लासच्या मागोमाग खानावळी. भूकंपाला काही वर्षं लोटली होती, पण माणसांच्या अंगातून तो गेला नव्हता. आमच्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली मावशी म्हणायची. मावशी स्वतः अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपत, कारण स्लॅबवरून त्यांचं मन उडालं होतं. त्या पहाटे त्यांनी माहेरी काय पाहिलं ते त्या सांगत नसत, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. स्लॅबखालच्या खोल्या मात्र त्यांनी बारावीच्या पोरांना आणि आम्हा नवराबायकोला भाड्यानं दिल्या होत्या.

"मावशी, आमच्यावर स्लॅब पडला तर?" बायकोनं एकदा विचारलं.

"तुम्ही जवान हाव की. पळताल."

मला क्लासच्या दोन शाखांत तास घ्यायला जावं लागे, म्हणून नांदेडहून सासऱ्यांनी त्यांची जुनी मोटारसायकल ट्रकमध्ये घालून पाठवली. दोन सायलेन्सरची टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. सासरे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. विष्णुपुरीपासून देगलूरपर्यंत त्यांनी सगळी नोकरी तिच्यावर बसून केली होती. तिचं नाव निघालं की त्यांचा आवाज हळवा व्हायचा. बायकोचं म्हणणं, तिच्या लग्नात सुद्धा तो इतका झाला नव्हता.

पहिल्याच सकाळी मी अंगणात किक मारली. गाडी धडधडली, तिच्यासोबत पत्र्याची शेड थडथडली, आणि मावशी हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या. "पळा रे! आला!" त्यांच्या ओरडण्यानं वरची पोरं जिन्यावरून खाली कोसळली. एकाच्या तोंडाला साबण होता. एकानं केमिस्ट्रीची गाईड छातीशी धरली होती, बाकी अंगावर फक्त टॉवेल.

त्या दिवसापासून नियम झाला. किक मारायच्या आधी मी मोठ्यानं ओरडायचं, "गाडी हाय!"

नियम चांगला होता, पण गाडी पाळायची नाही. मी ओरडायचो, किक मारायचो, आणि काहीच व्हायचं नाही. पुन्हा ओरडायचो, पुन्हा किक. थोड्या वेळानं वरून एखादं पोरगं विचारायचं, "सर, कुठं हाय?"

चालू झालीच तर चौकात बंद पडायची. प्लग काढून पुसावा, घासावा, पुन्हा बसवावा. शर्टाला ऑइलचा वास, हात काळे, आणि फळ्यावर न्यूटनच्या नियमांशेजारी माझा अंगठा उमटलेला. शेवटी बायकोनं एसटीडी बूथवरून वडलांना फोन लावला. दुसऱ्याच दिवशी सासरे बसमधून उतरले. कपड्यांची पिशवी लहान होती, पान्यांची मोठी.

मी त्यांना मामा म्हणायचो. मामांनी चहा घेतला नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारली आणि पेशंट बघितल्यासारखा निकाल दिला.

"जावईबापू, हिला लातूरचं पाणी मानवून नाही राहिलं."

"मामा, गाडीत पाणी कुठं असतं?"

"हवेत असतं की! आमच्याकडं गोदावरीची हवा. इथं काय, सगळं कोरडं."

नांदेडचा माणूस लातूरच्या पाण्यावर बोलू लागला की वाद घालण्यात अर्थ नसतो. मी पान्यांची पिशवी पुढं सरकवली. मग मामांनी प्लग बदलला, कार्ब्युरेटर उघडून जेटच्या बारीक भोकातून फुंकर मारली, सायलेन्सर काढून त्यातली काजळी खरवडली. अंगणभर काळे पापुद्रे पडले. मावशी झाडू घेऊन मागे उभ्याच होत्या. गाडी काही सुधारली नाही.

"मग टायमिंगच," मामा म्हणाले. "प्लगात ठिणगी पडायची वेळ चुकून राहिली. ती मी लावतो. डोळे झाकून लावतो."

तेवढं तरी त्यांनी करायला नको होतं.

टायमिंग लावायला दोन माणसं लागतात. प्लगच्या भोकातून सायकलच्या चाकाची तार आत सोडून मी बसलो. पिस्टन वर आला की तार वर येते, खाली गेला की खाली जाते. पलीकडं मामांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक हातानं हळूहळू फिरवू लागले. दुसऱ्या हातात बिडीच्या बंडलाचा पातळ कागद, इंजिनाच्या बाजूला असलेल्या पॉइंटांमध्ये, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या दोन टिकल्यांमध्ये अडकवलेला. पॉइंट उघडले की कागद सुटतो, आणि तोच ठिणगीचा क्षण. पिस्टन अगदी वर पोचायच्या किंचित आधी कागद सुटला पाहिजे.

"आली का वर?"

"येतेय, येतेय... थांबा!"

"सुटला कागद! वा!"

आम्ही स्क्रू घट्ट केले. सासरा-जावयाचं इतकं जमलेलं बायकोनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. तिनं कांदाभजी तळली.

भजी खाऊन मामांनी गाडी गल्लीत काढली. "पहिला राउंड माझा," ते म्हणाले. त्यांनी टोपी नीट केली, मी "गाडी हाय!" ओरडलो, आणि त्यांनी किक मारली. किकनं त्यांच्या पायाला असा उलटा दणका दिला की चप्पल उडून गटारीपलीकडं गेली. पण गाडी चालू झाली. तिचा आवाजही अगदी गोड होता.

"ऐका!" मामा एका चपलेवर उभे राहून म्हणाले. "कशी गाऊन राहिली बघा!"

त्यांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागं निघाली.

मला वाटलं उतार आहे. मामांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पुढं जाण्यासाठी थ्रॉटल पिळलं. गाडी जोरात मागं निघाली. मामांनी आणखी पिळलं. पाठ ताठ, नजर सरळ समोर माझ्याकडं, आणि माणूस माझ्यापासून लांब लांब चाललेला. एखाद्या मंत्र्याला निरोप द्यावा तसा मी नकळत हात वर केला.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी क्लास सुटला. पोरं दोन्ही बाजूंना फाकली आणि मधून मामा उलटे गेले.

"काका, मागं बघा!" पोरं ओरडली.

"पुढंच बघून राहिलो रे!" मामा ओरडले.

नवीन पोरांची भरती चालू असल्यानं कोपऱ्यावर एक पिंजारी गाद्या भरायला बसला होता. त्याच्यासमोर पिंजलेल्या कापसाचा ढीग, हा एवढा. त्यानं मान वर केली, "अरे चाचा, चाचा!" म्हणाला आणि पिंजायची धनुकली घेऊन बाजूला उडी मारली. मामा गाडीसकट कापसात शिरले. मऊ आवाज झाला. इंजिन बंद पडलं. ढिगातून निळा धूर निघाला, तशी पोरांनी खानावळीतली पाण्याची घागर आणून ओतली, धुरावर थोडी आणि मामांवर जास्त.

आम्ही धावत गेलो. मामा ओल्या कापसातून उठले. भुवया, मिशा, टोपी, सगळं पांढरं. मला वाटलं आता हे गाडीला तरी शिव्या देतील नाहीतर मला. ते म्हणाले, "पिकअप मात्र लई सुधारला."

बायको कंपाउंडला धरून खाली बसली. तिला हसू आवरेना. मावशी भूकंपानंतर इतक्या हसल्या नव्हत्या, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आणि पदरानं डोळे पुसले. पिंजाऱ्यानं ओला कापूस उन्हात पसरला आणि वर मामांच्या मिशीतलाही काळजीपूर्वक वेचून घेतला.

माझी खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी वर्गात झाली. पहिल्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "सर, गाडी उलटी कशी गेली?"

मी वळून फळा पुसायला घेतला.

"ते सिलॅबसबाहेर आहे," मी म्हणालो.

घरी येऊन मी मामांच्या शेजारी गाडीपुढं बसलो. मग मी विचारलं, "मामा, काल तुम्ही चाक कुठल्या बाजूला फिरवत होता?"

त्यांनी हात हवेत फिरवून दाखवला. स्वतःच त्या हाताकडं बघितलं. मग तो हळूच खिशात घातला.

चाक उलटं फिरवून आम्ही ठिणगीची वेळ लावली होती. त्यामुळे इंजिन सुलटं फिरताना ठिणगी भलत्याच वेळी पडत होती, आणि उलटं फिरताना अगदी वेळेवर. टू-स्ट्रोक इंजिनाला दोन्ही दिशा सारख्याच. किक उलटी बसली आणि ते बिचारं जमेल त्या बाजूला फिरू लागलं. समोर बसून मलाही चाकाची दिशा दिसत होती, पण मी तारेकडं बघत होतो.

आम्ही पुन्हा टायमिंग लावलं. या वेळी मावशी चाकापाशी स्टूल टाकून बसल्या आणि "पुढं, पुढं, आता पुढं," असं सांगत राहिल्या. गाडी सरळ गेली. ती पुढं बरीच वर्षं चालली, चौकात बंद पडायचंही कमी झालं. मामा समाधानानं नांदेडला परतले.

त्या उन्हाळ्यात धर्माबादला सासरकडचं एक लग्न होतं. पंगतीत बसलो होतो. समोरच्या एका गृहस्थांनी माझ्याकडं निरखून बघितलं आणि शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं.

"मोटारसायकल उलटी चालवून कापसात घुसलेले जावई ते तुम्हीच ना? आम्हाला मामांनी सगळं सांगितलं हो. हसून हसून पुरेवाट!"

मामा माझ्या शेजारीच होते. त्यांनी वरणभात कालवायला घेतला आणि इतका कालवला की त्याची पेज झाली. बायको पलीकडच्या पंगतीतून माझ्याकडं बघत होती, आता हा काय बोलतो म्हणून.

"हो, मीच," मी म्हणालो. "पिकअप चांगला होता."

मामांनी मान वर न करता वाढप्याला हाक मारली. "ए, इकडं जिलबी आण. जावईबापूंना वाढ. आणखी वाढ. नको म्हणले तरी वाढ."