डोळे मिटून केलेली साधना

मी साधना करत होतो की साधनेचं सोंग आणत होतो, हा प्रश्न मला आजही छळतो. सोंग म्हणावं, तर मनात खोट नव्हती. साधना म्हणावी, तर तिच्यापायी माझी बायको मरणाच्या दारात पोचली. जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नागपुरातल्या एका कापडगिरणीत विणकर होतो. हजार धाग्यांतला एक तुटला तरी माझ्या नजरेतून सुटायचा नाही. आमच्या वस्तीतल्या विहारात एक वृद्ध भन्तेजी आले आणि त्यांनी श्वासाकडे पाहत बसायला शिकवलं. उठता-बसता, जेवता-चालतासुद्धा असंच सावध राहा, असंही ते म्हणाले होते. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला बसण्याचीच गोडी लागली. पहाटे आंघोळ करून, पांढरं धोतर नेसून, बुद्धमूर्तीपुढे दोन अगरबत्त्या लावायच्या आणि तासभर डोळे मिटायचे. वस्तीत लोक मला ‘ध्यानवाले’ म्हणू लागले आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकून माझी छाती फुगायची.

एका पौषात शेवंता, माझी बायको, खोकू लागली. घर दोन खोल्यांचं. अगरबत्तीच्या धुरानं तिला जास्तच ढास लागायची. पदर तोंडात कोंबून ती खोकला दाबायची, तरी आवाज यायचाच. एका पहाटे मी डोळे न उघडताच म्हणालो, “ध्यान मोडते माह्यं. आंगनात जाऊन खोक.” ती गेली. दुसऱ्या दिवसापासून मी आसन मांडलं की ती आपणहून बाहेर जाऊन बसू लागली, त्या कडाक्याच्या थंडीत. आत मी माझा श्वास न्याहाळत होतो आणि मला वाटत होतं, आज ध्यान काय छान लागलं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आठ दिवसांनी ती नळावर पाणी भरता भरता कोसळली. रिक्षात घालून तिला धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. “इतके दिवस काय करत होता?” डॉक्टरांनी विचारलं. ध्यान करत होतो, असं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसलो होतो. काही सुचेना, म्हणून पुन्हा डोळे मिटले. आता कळतं, ते ध्यान नव्हतं, पळ काढणं होतं. तेवढ्यात कुणीतरी माझा खांदा गदागदा हलवला. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई होती, यवतमाळकडच्या खेड्यातली म्हातारी.

“अजी भाऊ, डोये उघडा! बाईचे ओठ निळे पडून राहिले. सिस्टरले बलवा!”

मी धावलो. ऑक्सिजन लागला. जरा उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मी म्हातारीपुढे हात जोडले, तर ती संकोचून म्हणाली, “मले काय समजते भाऊ? पोराकडे पाहून राहिली होती, तं तुमच्या बाईकडेबी पाहत होती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधं घेऊन परत आलो, तर शेजारची खाट रिकामी होती. मुलाला सुट्टी मिळाली होती. मी म्हातारीचं नावही विचारलं नव्हतं. याला मी चमत्कार म्हणत नाही, आमच्या धम्मात ते बसतही नाही. पण भन्तेजींचा जो उपदेश मी अर्धाच घेतला होता, त्याचा उरलेला अर्धा ती माउली मला देऊन गेली.

पंधरा दिवसांनी शेवंता घरी आली. मी नको नको म्हणत असताना एके दिवशी चुलीपाशी बसली आणि तिनं वांग्याची भाजी केली. मला वाढून समोर बसली. “कशी झाली?”

“छान,” मी म्हणालो.

“तसं नाही जी. आजारापासून माह्या जिभेले चवच नाही. मीठ पडलं का नाही, मले समजत नाही. म्हनून विचारून राहिली.”

घास माझ्या तोंडातच होता आणि तो कसा आहे ते मला माहीत नव्हतं. मी थांबलो. नीट चावला. भाजीत मीठच नव्हतं. तसं सांगितलं तर ती हसू लागली, आणि मला रडू फुटलं. उष्ट्या हातानंच मी तिची माफी मागितली.

तिची चव पुढे कधीच परत आली नाही. ती आणखी सात वर्षं जगली. त्या सात वर्षांत रोज पहिला घास मी सावकाश खायचो आणि तिला सांगायचो, बरोबर आहे, किंवा चिमूटभर कमी आहे. ‘मी ध्यान करतो’ यातला ‘मी’ त्या घासापुढे टिकत नसे. माझ्या हातून खरी साधना झाली असेल तर तेवढीच, आणि ती करून घेणाऱ्या त्या दोघी बायांना मी रोज वंदन करतो.

पण त्याआधी एकोणीस वर्षं शेवंता माझ्यासाठी रोज दोन वेळा रांधत होती. त्यातल्या एकाही घासाची चव मला आठवत नाही.