सगळं सारखं हाय?

पेनाचं टोपण टेबलावर आपटून ती विचारायची, “सगळं सारखं हाय? मग कोणतरी खोटं बोलतंय.”

रोह्याच्या आमच्या केमिकल कंपनीत ती माझ्या शेजारी बसायची. मी पेणला गाडीत चढायची, ती कासूला. कुणी सांगितलं की घरात सगळे माझ्यावर सारखंच प्रेम करतात, की हिचं टोपण वाजलंच. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. आम्ही हसायचो.

मग एकदा तिने भावाचं सांगितलं. तो आमच्याच प्लांटवर कामाला होता आणि हंगामात पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचा. “साच्यातून सगळे सारखेच निघतात गो,” ती म्हणाली, “पण हातानं आखलेले दोन डोळे कधी सारखे नसतात.” एक दिवस कॉम्प्युटरवर रिअॅक्टरचं तापमान बासष्ट दिसलं, म्हणजे धोका नाही, म्हणून त्याने व्हॉल्व्ह उघडला. आतलं उकळतं रसायन उजव्या हातावर आलं. चौकशीत ठरलं, कामगाराचा निष्काळजीपणा. नोकरी गेली. त्या हाताला पुन्हा ब्रश धरता आला नाही.

दर तासाला जिन्याने वर रिअॅक्टरपाशी जाऊन तापमान बघायचं आणि कॉम्प्युटरवर भरायचं काम शिफ्टच्या सुपरवायझरचं. तो केबिनमध्ये चहा पीत आकडे भरायचा. मला तो माणूस कधीच आवडला नव्हता, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तिने पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला. शिफ्टचा पहिला आकडा घ्यायचा, बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. न जुळणारा एकही सापडला नाही, तर ‘सगळे सारखे’ म्हणून भरणाऱ्याचं नाव लाल. मोठ्या साहेबांसमोर तिने जुन्या नोंदींवर तो चालवला. पडदा एकाच नावाने लाल झाला.

“मॅडम, रिअॅक्टर स्थिर चालला की आकडा पण स्थिरच येनार,” सुपरवायझर म्हणाला.

“व्हय? माझा भाव भाजला, रिअॅक्टर रिकामा करून धुतला. तरी तुमचा बासष्टच?”

चौकशीत अपघातानंतरचे आकडे कुणी पाहिलेच नव्हते. तो घाम पुसत राहिला. मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

साहेब त्याला काढून टाकायला निघाले. तिनेच अडवलं. “काढू नका, सायब. दर तासाला वर चढू दे.” मग आम्ही दोघी खिडकीत चहा घेऊन उभ्या राहायचो. तो कठड्याला धरत, धापा टाकत जिना चढायचा. “भावाचा हात काय परत येनार नाय,” ती म्हणायची. “पण याचे पाय तरी दुखू देत.” हे बोलताना तिचे डोळे भरायचे, आणि मी दुसरीकडे बघायची.

शेवटी तोच कंटाळून नोकरी सोडून गेला. तेव्हा प्रोग्राममधली चूक दिसली. त्याचं नाव प्रोग्राममध्ये राहिलं होतं, पण आकड्यांची यादी रिकामी, म्हणजे न जुळणारा आकडा एकही नाही, म्हणजे ‘सगळे सारखे’. त्याचं नाव लालच. मी म्हटलं, “दुरुस्त कर की.” तिने टोपण आपटलं. “राहू दे गो.”

पुढे हाताच्या उपचारासाठी भावाला घेऊन ती पुण्याला गेली. तिचं टेबल रिकामं आहे. रोज सकाळी मी कॉम्प्युटर लावते आणि त्या माणसाचं नाव लाल होऊन वर येतं. नवीन पोरं विचारतात, हा कोण? मी त्यांना बसवून सगळं सांगते, केबिनमधल्या चहापासून.

यादी रिकामी असेल तर सोडून दे, एवढी एकच ओळ घालायची आहे. मला ती येते. मी घालत नाही.