नाव सापडायला नऊ सेकंद

बेंगळुरूत इंदिरानगरच्या आमच्या घरी इंटरनेट आलं आणि तिसऱ्या महिन्यात मी त्याची वही सुरू केली. नव्वदचं दशक संपायला तेव्हा दोनेक वर्षं उरली असतील. कारखान्यात माझं काम सुट्या भागांची मापं तपासण्याचं. जे मोजलं नाही त्याबद्दल बोलू नये, ही सवय घरीही सुटली नव्हती.

मोडेमची शिट्टी थांबली की मी आमच्या इंटरनेट कंपनीचं पहिलं पान मागवायचो आणि स्टॉपवॉच दाबायचो. पडद्याच्या तळाशी आधी ‘नाव शोधत आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ यायची, मग पान उतरायला लागायचं. दोन्हींचे सेकंद मी वेगवेगळे लिहायचो. सकाळी नाव शोधायला तीन सेकंद लागत. संध्याकाळी सातनंतर नऊ, एखाद्या दिवशी अकरा.

संध्याकाळी बदलत काय होतं? वरचा भाडेकरू घरी येत होता.

तो पुण्याचा, सॉफ्टवेअर कंपनीतला, तिशीचा. माझी ईमेल त्यानंच सुरू करून दिली होती, म्हणजे इंटरनेट खात्याचा पासवर्डही त्याला माहीत होता. त्याचा स्वतःचा फोन होता, मोडेम होता. वरचा नळ सोडला की खालची धार बारीक होते, हे बेंगळुरूत राहणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. हा माझ्याच खात्यावरून वर इंटरनेट वापरतोय, असा हिशेब मी मांडला आणि वहीत तिसरा रकाना आखला: ‘वर’.

‘६.४० तो आला. ७.०५ वरून शिट्टीसारखा आवाज. ७.१० नाव शोधायला दहा सेकंद.’ असं चार आठवडे. मग त्याची बायको कधी येते तेही लिहू लागलो. त्यांची सहा वर्षांची मुलगी मागच्या गल्लीतल्या शाळेत जायची आणि तीन वाजता सुटली की आईबाबा येईपर्यंत आमच्याकडे बसायची. माझी बायको तिला गरम दोसा करून घाली. एकदा मी तिला सहज विचारलं, “बाबा संध्याकाळी कॉम्प्युटरवर काय करतात ग?”

“गेम खेळतात. मला देत नाहीत.”

तेही मी लिहिलं.

“त्या पोरीला साक्षीदार केलंत होय?” बायको आतून म्हणाली. “एकदा सरळ विचारा की त्याला.”

“विचारलं तर तो कबूल करणार आहे का?”

“सरी सरी, ठीक आहे, मग वहीलाच विचारत बसा.”

शनिवारी मी वर गेलो आणि महिनाअखेर जागा सोडा असं सांगितलं. त्याच्या बायकोच्या हातात इस्त्रीचे कपडे होते, ती तशीच उभी राहिली.

“काका, शाळेचं वर्ष अर्ध्यावर आहे,” तो म्हणाला. “आत्ता हिला दुसरीकडे कुठं ॲडमिशन मिळणार? निदान रीझन तरी सांगा.”

“कारण तुम्हाला ठाऊक आहे,” असं म्हणून मी खाली आलो. जिन्यात मला वाटलं होतं की आपण फार मोजकं आणि योग्य बोललो.

रविवारी सकाळी तो स्वतःच खाली आला. “काकूंनी सांगितलं, ते नळाच्या धारेचंही. तुम्ही आकडे ठेवलेत म्हणे. बघू द्या.”

वही द्यायला माझी हरकत नव्हती, पुरावा लपवायचा नसतोच. त्यानं उभ्यानंच पानं उलटली. एका पानावर बराच वेळ थांबला. मग पुन्हा पहिल्या पानावर आला.

“काका, पान उतरायला सकाळी चौदा सेकंद, संध्याकाळीही चौदा-पंधरा. मी तुमचं पाणी पीत असतो, तर ही धारही बारीक झाली नसती का? फक्त नाव शोधायलाच वेळ कसा लागतो?”

दोन्ही रकाने माझ्याच अक्षरातले होते. मी ते शेजारी शेजारी ठेवून कधी वाचलेच नव्हते.

त्यानं कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडली. “आपण १९७ला फोन करून कुणाचा नंबर विचारतो ना, तसं तुमचं मशीन आधी कुणाला तरी नावाचा नंबर विचारतं. कुणाला विचारतंय ते बघू.” त्यानं कॉम्प्युटरच्या बाजूला चिकटवलेल्या कार्डावरचा आकडा टाईप केला. ते कार्ड अण्णाचं, माझ्या अमेरिकेतल्या थोरल्या भावाचं. सुट्टीवर आला तेव्हा हा कॉम्प्युटर त्यानंच लावून दिला आणि त्यात तिकडच्या आपल्या ओळखीच्या सर्व्हरचा नंबर भरून गेला. “इथल्यांवर विश्वास ठेवू नकोस, हा नंबर कुणाला हलवू देऊ नकोस,” असं बजावून.

पडद्यावर एकेक ओळ उमटू लागली, प्रत्येकीत वाटेतला एक टप्पा आणि तिथून उत्तर यायला लागलेला वेळ. पहिल्या दोन ओळी इथल्याच, आकडे लहान. मग मुंबई. चौथ्या ओळीवर आकडा एकदम पाचपट झाला.

“इथं तो उपग्रहावर गेला,” तो म्हणाला. “आणि हे पुढचे सगळे अमेरिकेतले.” मधूनच आकड्याच्या जागी नुसते तारे येत होते. “तारा म्हणजे प्रश्न वाटेतच हरवला. मशीन थोडं थांबतं, परत विचारतं. तुमचे अकरा सेकंद हे असे झाले. संध्याकाळी सगळं शहर ऑनलाईन, तिकडे ऑफिसं उघडायची वेळ, आणि बाहेर जायची वाट एकच. तुमचं पान इथं पाचसहा किलोमीटरवर पडलंय, काका. त्याचा पत्ता तुम्ही रोज अमेरिकेला विचारताय.”

“हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“ईमेल लावताना सांगत होतो. तुम्ही म्हणालात, अण्णानं लावलंय, हात लावायचा नाही.”

म्हणालो होतो. शब्द न् शब्द आठवला.

तरीही माझी शंका जाईना. मी म्हटलं, नंबर बदल, पण संध्याकाळी तू वर इंटरनेटवर असताना मी मोजणार. त्यानं आमच्या कंपनीच्या बेंगळुरूतल्या सर्व्हरचा नंबर भरला. सात वाजता वर शिट्टी वाजली. खाली नाव सापडलं तेव्हा माझा अंगठा स्टॉपवॉचवरून नीट उठलाही नव्हता. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा सेकंदाच्या आत. परदेशातली पानं होती तशीच रखडत होती, पण त्याला वरचा मजला जबाबदार नव्हता.

मी वर गेलो. जागा सोडायचं विसरा, माझं चुकलं, असं सांगितलं. वाक्य तयार करून गेलो होतो तरी ते दारातच अडखळलं.

“राहू आम्ही,” तो म्हणाला. “दुसरं घर शोधायला वेळही नाही. पण ते पान मला द्या. माझी बायको किती वाजता येते, मुलगी काय म्हणाली, ते लिहिलंय ते.”

माझ्या वहीला पानांचे आकडे असतात. कारखान्यातल्या नोंदवहीतून पान फाडणाऱ्याला मी एकदा घरी पाठवलं होतं. मी खाली आलो, पट्टी लावून कागद फाडला आणि नेऊन दिला. वहीत वीसनंतर आता तेवीस येतं.

अण्णाला मी यातलं काही कळवलं नाही. त्याचं कार्ड अजून चिकटलेलं होतं, आकडा मात्र आत बदललेला.

सोमवारी तीन वाजून गेले तरी मुलगी आली नाही. मंगळवारीही नाही. बायकोनं दोन्ही दिवस पीठ झाकून ठेवलं आणि माझ्याशी कामापुरतंच बोलली. बुधवारी सव्वातीनला जिन्यावर पावलं वाजली. त्या दिवशी माझी सुट्टी होती. ती आली, दप्तर ठेवलं, आणि ताटावर बसायच्या आधी टेबलाजवळ गेली.

“आजोबा, मी आता आले ते लिहिलंत का?”

“नाही,” मी म्हणालो.

ती टाचा उंचावून वहीचं उघडं पान नीट बघून आली. मगच जेवायला बसली.