तापकीरकाकांची बादली

"बादलीनंच धूर वढला, तर मंग वास कोन घ्यायचा?"

स्वतःची बादली बंद का, असं विचारणाऱ्या मालकांना तापकीरकाका उलट विचारत होते. मी दोन टेबलं सोडून, डोकं खाली घालून बसले होते. ती बादली काकांनी स्वतःच बनवली होती, म्हणून तर माझा जास्त संताप होत होता.

चाकणजवळच्या त्या वर्कशॉपमध्ये आम्ही कारखान्यांतल्या मशीनचे बिघडलेले बोर्ड दुरुस्त करायचो. दिवसभर सोल्डरिंग, आणि राळेचा पांढरा धूर सरळ नाकात. काका खोकून खोकून लालबुंद व्हायचे. शेवटी मालक म्हणाले, धूर ओढायचं यंत्र विकत आणू.

"इकत? आवो, मी काय मेलोय व्हय?"

मोशी गावच्या आमच्या काकांना तयार वस्तू आणणं हा स्वतःचा अपमान वाटायचा. मग रंगाची रिकामी बादली आली. बुडाला भोक पाडून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, झाकणात वॉशिंग मशीनचा पाइप, आणि मध्ये माशांच्या टाकीत घालतात तो कोळसा. पंखा उलटा बसलाय, हे मला दिसत होतं. पण माझं सगळं शिक्षण इंग्रजीत; ते सांगायचं वाक्य मी मनात आधी इंग्रजीत, मग मराठीत जुळवेपर्यंत काकांनी बटण दाबलं. कोळशाची सगळी काळी पूड पाइपातून माझ्या अंगावर.

"बघा, काय ताकद हाय!" काका खूश.

पंखा पालटल्यावर मात्र बादली झकास चालली. पंधरा दिवसांत त्यांनी प्रत्येक टेबलाला एक बादली दिली. दर शनिवारी कोळसा स्वतः बदलायचे. कोणी बादली बंद ठेवलेली दिसली की ओरडायचे, "फुप्फुस काय कंपनी देनार हाय व्हय नवीन?" आणि स्वतःच्या बादलीत जेवणाचा डबा ठेवायचे! नाक बोर्डाला टेकवून सोल्डर करायचे आणि राळेच्या वासावरून सांगायचे, सांधा धरला की नाही. "डोळं फसवत्यात म्याडम, नाक न्हाई." तीस वर्षं ते खरंही होतं.

एका दुपारी त्यांचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्वतःच्याच वायरवर पडलं. जळक्या प्लॅस्टिकच्या वासानं आम्ही सगळे धावलो. काका त्याच धुरात वाकून शांतपणे स्क्रू शोधत होते.

"काय झालं रं? का पळताय?"

सगळे हसले. काकांची कसली ती तंद्री! मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते चहाला गेल्यावर मी त्यांचे तयार बोर्ड भिंगाखाली धरले. निम्मे सांधे वरून जोडलेले, आतून सुटे. मी ते पुन्हा सोल्डर केले आणि बोर्ड जागेवर ठेवले. मग रोजच करत गेले. त्यावर काका मला शिकवणार, "तुमचा हात अजून बसायचाय. माझा सांधा बघा, कसा चकाकतोय." तो मीच तासाभरापूर्वी चकाकवलेला असायचा. मी मान डोलवायची.

पाच महिन्यांनी मला दुसरीकडे नोकरी लागली. शेवटच्या दिवशी मालकांनी पेढे आणले. काकांनी माझ्यासाठी नवी बादली करून आणली होती. "तिकडं कुनी देनार न्हाई. वापरा. लाजू नका."

त्यांच्या टेबलावर प्रेस मशीनचा बोर्ड तयार होता. कामगाराचा हात आत असला की प्रेस थांबवणारा. पेढ्यांच्या गडबडीत तो माझ्या हाती लागलाच नव्हता. मालक टेम्पोवाल्याला बघायला बाहेर गेले. खोकत खोकत काकांनी बोर्ड खोक्यात ठेवला आणि चिकटपट्टी शोधू लागले.

मी खोक्यावर हात ठेवला.

"आता काय?"

"काका, तुम्हाला वास येत नाही. पाच महिने तुमचे बोर्ड मीच पुन्हा सोल्डर करतेय. उद्यापासून मी नाहीये."