पेठहून आणलेली वाळवी

लोकांच्या घराला वाळवी लागते. आमच्या घरी ती मी पेठहून एसटीने आणली, लगेजचं तिकीट काढून.

हे ऐकल्यावर माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग आमच्या ह्यांच्याकडे. ह्यांच्याकडे बघताना त्यांच्या नजरेत जी कणव असते ना, ती मी कितीतरी वर्षं सोसते आहे. पण मी काही वेडी नव्हते हो. ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. (दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, असं सासूबाईंचं मत.)

नव्वदीच्या शेवटी शेवटी नाशकात घरोघरी मश्रूम लावायचं खूळ आलं होतं. मीही कुठलंसं शिबिर केलं आणि न्हाणीघरात धिंगरीच्या पिशव्या टांगल्या. गव्हाचा भुसा भिजवायचा, बियाणं पेरायचं, अंधारात टांगायचं, पाणी मारायचं. आणि काय सांगू, ती आली की! पिशव्या फाडून नुसती उतू जात होती. भाजी झाली, पुलाव झाला, भजी झाली, थालीपिठातसुद्धा घातली. हे अंघोळीला जाताना पिशव्यांना "अजून आहात का?" म्हणून विचारायला लागले. सासूबाईंनी एकदाच चाखली आणि भिजलेलं पायपुसणं खाल्ल्यासारखं वाटतं म्हणाल्या. पण यश डोक्यात जायला माझ्यासारखीला एवढं पुरे होतं.

त्याच पावसाळ्यात आमच्या कॉलेजातल्या भोये सरांनी पेठजवळच्या त्यांच्या गावाहून पळसाच्या पानात बांधून रानातली अळंबी आणली. ही वारुळावर उगवते. पावसाळ्यात मोजके दिवस दिसली तर दिसली, मग वर्षभर नाव नाही. कांदा, तिखट, मीठ, बस्स. त्या दिवशी सासूबाईंनी ताटली बोटाने पुसून खाल्ली आणि म्हणाल्या, "ही लाव ना घरी. त्या पायपुसण्यापेक्षा."

आता ही अळंबी घरात लावल्याचं कुणीच ऐकलं नव्हतं, आणि का ते मी वाचलेलं होतं. वारुळाच्या पोटात वाळवी बुरशीची शेती करते. लाकूड, पालापाचोळा चावून आणते, त्याच्या लगद्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. पाऊस झाला की त्या बुरशीच्या छत्र्या वर येतात. म्हणजे वाळवी नाही तर अळंबी नाही. शहाण्या बाईने इथे पुस्तक मिटलं असतं. मी म्हटलं, मग वाळवीच आणू.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर ह्यांना घेऊन भोये सरांच्या गावी गेले. त्यांच्या आईने बांधावरच्या वारुळाला कुंकू लावलं आणि कडेचा एखादा तुकडा न्या म्हणाल्या. कडेच्या तुकड्याने काय होणार? राणी हवी, तिच्याशिवाय सगळा कारभार ठप्प. मी ह्यांना दुपारभर खणायला लावलं आणि मधला गड्डा राणीसकट गोणपाटात बांधला. एसटीत कंडक्टरने विचारलं, काय आहे यात? मी म्हटलं, माती, कुंड्यांसाठी. नाशकातली माती संपली का, एवढंच तो म्हणाला आणि त्याने लगेज फाडलं. हे खिडकीबाहेर बघत राहिले.

न्हाणीघर सोडलं तर आमच्या पंचवटीतल्या घरात अंधारी, दमट अशी एकच जागा होती: मागची खोली. आणि तिथे वैशूचं फर्निचर ठेवलेलं होतं.

वैशू म्हणजे माझी धाकटी नणंद. तिला मंगळ. पत्रिका घेऊन सासरे दारोदार फिरले आणि पुढचं न बघताच गेले, बिचारे. त्यानंतर हे फिरले. दर रविवारी पोहे करून करून माझा हात त्यात बसला. शेवटी देवळ्याचं स्थळ जमलं. कांद्याचे व्यापारी, घरची शेती, मुलगा सरळ. हुंडा नको म्हणाले, मानपान नको म्हणाले. मुलाच्या आईची एकच अट: पलंग, कपाट आणि ड्रेसिंग टेबल सागवानी हवं. लग्न तुळशीच्या लग्नानंतर होतं, पण ह्यांनी हौसेने आधीच सगळं करून घेतलं, पॉलिश मारून मागच्या खोलीत चादरी घालून ठेवलं. वैशू रोज जाऊन चादर उचलून बघायची. मुलीच्या जातीला एवढा उशीर झाला की लाकडावरसुद्धा जीव जडतो.

हे म्हणाले, "अगं, वाळवी आणि फर्निचर एका खोलीत?" मी त्यांना शास्त्र समजावलं. गड्डा एका घमेल्यात, घमेलं मोठ्या परातीत, परातीत पाणी. वाळवीला पोहता येत नाही. शिवाय मी तिला घमेल्यातच जुनी वर्तमानपत्रं आणि लाकडाचा भुसा घालत होते. पोटभर मिळत असताना ती बाहेर कशाला जेवेल? (ह्यांनी यावर मान डोलावली. ह्यांच्या आयुष्यातली मोठी संकटं मान डोलावूनच आलेली आहेत.)

तर, सगळं सुरळीत चाललं होतं. आणि नागपंचमी आली.

दरवर्षी गल्लीतल्या बायका वारूळ पुजायला पार मखमलाबादच्या रस्त्याला शेतात जायच्या. त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेईना, सगळीकडे गुडघाभर चिखल. आणि शेजारच्या चौधरीकाकूंना सासूबाईंनी आमच्या मागच्या खोलीचं कधीच सांगून ठेवलेलं. मी कॉलेजातून आले तर दारात चपलांचा ढीग! मागच्या खोलीत रांगोळी, उदबत्त्या, आघाडा-दूर्वा, लाह्या. माझ्या वारुळाला हळदीकुंकवाने लाल-पिवळं करून टाकलेलं, आणि बायका रांगेने दूध वाहत होत्या. सासूबाई कडेला अशा उभ्या होत्या की जणू नाग त्यांच्या माहेरचा.

परात मात्र दिसेना. परात स्वयंपाकघरात होती. बायका एवढ्या आल्या म्हटल्यावर सासूबाईंनी पुरणाची दिंडं करायला काढली होती, आणि एवढी कणीक दुसऱ्या कशात मळणार? पाणी मोरीत ओतून त्यांनी परात घासून घेतली होती. आणि देव जमिनीवर कसा ठेवायचा म्हणून घमेल्याखाली मोठा लाकडी पाट दिला होता. पाटाचं दुसरं टोक वैशूच्या पलंगाच्या पायाला टेकलेलं.

परात परत द्या, एवढंच मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, आज काही हलवायचं नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही. उद्या म्हटलं, तर म्हणाल्या, पुजलेला देव उचलतात का, श्रावण संपू दे. मग मीही फार ताणलं नाही. कारण खरं सांगू? दोनच दिवसांत वाळवीने घमेल्यातली वर्तमानपत्रं खायचं सोडून दिलं आणि मी हरखून गेले. मला वाटलं, पोट भरलं, बुरशी तयार झाली, आता अळंबी येणार! रोज सकाळी बॅटरी घेऊन जायचे, गड्ड्यावर पाणी शिंपडायचे आणि त्या पलंगाला पाठ लावून बसून वाट बघायचे. पलंगाच्या आत काय चाललंय ते माझ्या पाठीलाही कळलं नाही.

गणपती आठवड्यावर आले होते. देवळ्याहून निरोप आला, उद्या आम्ही फर्निचर बघायला येतो. वैशू फडकं घेऊन पुसायला गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "वहिनी, माझं कपाट पोकळ वाजतंय."

आम्ही सगळे धावलो. ह्यांनी कपाटाच्या पाठीला बोट लावलं. बोट आत गेलं. पलंगाची फळी उचलली तर निम्मी हातात आली आणि निम्म्याची माती झाली. वाळवीने सगळं खाल्लं नव्हतं म्हणा. खरं सागवान तिने सोडलं होतं, त्यामुळे सुताराने खरं सागवान किती घातलं होतं ते आम्हाला प्रथमच कळलं: ड्रेसिंग टेबलाचे पाय आणि पलंगाची एक पट्टी.

वैशू रडली नाही. तिने चादर परत नीट घातली, कडा दुमडल्या, आणि त्यावर हात ठेवून बसून राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं. मी कुदळ घेऊन वारुळाकडे निघाले, तर सासूबाई आडव्या आल्या. लग्नघरात पुजलेलं वारूळ फोडायचं नाही, म्हणजे नाही. मी खाली बसले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं रडले.

घरात सागवान आणखी एकाच ठिकाणी होतं, आमच्या झोपायच्या खोलीत. माझ्या लग्नात बाबांनी स्वतः उभं राहून करून घेतलेला पलंग आणि कपाट. कपाटाच्या दाराला आतून त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम छोटा आरसा बसवला होता. सगळे फक्त त्या खोलीच्या दाराकडे बघत होते. मी उठले, कपाटातल्या साड्या काढून गाठोड्यात बांधल्या आणि ह्यांना म्हटलं, पॉलिश आणा.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी कपाटावरून हात फिरवला, दार उघडलं, ठोकून बघितलं. म्हणाल्या, "लाकूड लय चांगलं हाय. पण हे नवं नाय." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सुनेच्या माहेरचं आहे. नणंदेला देतेय ती." यात एक अक्षर खोटं नव्हतं! विहीणबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या की अशी भावजय आमच्या सगळ्या गणगोतात नाय. हे तेव्हाही खिडकीबाहेर बघत होते.

वारुळाचं विसर्जन अनंत चतुर्दशीला झालं, गोदावरीत, गणपतींच्या रांगेत उभं राहून. घाटावरच्या स्वयंसेवकाने घमेल्याकडे बघून ह्यांना विचारलं, मूर्ती वाटेतच विरघळली का? हे हो म्हणाले. अळंबी एकसुद्धा आली नाही. लग्न मात्र झोकात झालं आणि आम्ही लोखंडी कॉटवर झोपायला लागलो.

पुढच्या पावसाळ्यात वैशूच्या सासरी, देवळ्याला गेले. माझा थाट विचारू नका! पाय धुवायला पाणी, बसायला सतरंजी, येणाऱ्या-जाणाऱ्याला विहीणबाई आधी मला दाखवायच्या आणि मग कपाट. संध्याकाळी त्या मला शेत दाखवायला घेऊन गेल्या, मागून वैशू. बांधाच्या वळणावर मी थबकले. समोर वारूळ, आणि त्याच्या भोवती, कांद्याच्या वाफ्यापर्यंत, पांढरीशुभ्र अळंबीच अळंबी. कळ्या, छत्र्या, पोरींच्या घोळक्यासारख्या दाटीवाटीने उभ्या.

"जपून ताई," विहीणबाई म्हणाल्या, "ही कुत्र्याची छत्री इथं दरसाल उगवती." आणि त्यांनी पायाने पाच-पन्नास उडवल्या आणि पुढे गेल्या.

त्या वळणाआड गेल्या तशी मी खाली बसले, बोटांनी वारुळाच्या कडेचा एक तुकडा उकरला, अगदी एवढासा, आणि पदराच्या टोकात बांधायला लागले.

मागून वैशूचा आवाज आला. "वहिनी, ते खाली ठेव. माझ्या घरात तुझं कपाट आहे."