जरा सांभाळून घ्या

नांदेडच्या एका शाळेत अकरावी-बारावीला व्यवसाय शिक्षणाचे वर्ग आहेत. तिथल्या लेकरांना दुकानात, वर्कशॉपात, दवाखान्यात कामाला लावून देणं ही माझी नोकरी. मुख्याध्यापकांच्या लेखी माझं काम म्हणजे फॉर्म भरून वर पाठवणं. पालकांना वाटतं, मॅडमच्या पर्समध्ये नोकऱ्या असतात आणि ही बाई मुद्दाम काढत नाही. घरचे म्हणतात, लष्कराच्या भाकऱ्या भाजते. मी मात्र सगळ्यांना ऐकवायची, मी या लेकरांची कामावरची माय आहे. असं म्हणताना स्वतःचं लई कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू?

माझी एक रीत होती. पहिल्या दिवशी लेकराला स्वतः घेऊन जायचं आणि मालकाला म्हणायचं, "लेकरू गुणाचं आहे, जरा सांभाळून घ्या." लेक सासरी धाडताना म्हणतात, अगदी तसंच.

तीन वर्षांमागं कंधारकडची एक मुलगी इलेक्ट्रिकलला होती, अख्ख्या वर्गात एकटी पोरगी. तिला मोटारी भरायला शिकायचं होतं, म्हणजे जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढून नवी बसवायची. मोंढ्याजवळच्या एका मिस्त्रींनी पोरगी म्हटल्यावर मानच हलवली. मी तासभर त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे महिनाभर ठेवायला तयार झाले. हात बसला तर पगारावर घेऊ, नाहीतर रामराम. तिच्या वडिलांनीही सांगून टाकलं होतं, महिन्यात काम पक्कं झालं नाही तर नांदेडच्या खेपा बंद.

पंधरा दिवसांनी मी सहज डोकावले. पोरगी पंख्याखाली खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांचे फोन घेत होती. हात स्वच्छ, नखाला काळं नाही. माझं डोकंच सटकलं. पोरगी म्हणून हिला शोभेला बसवलंय का, असं मी मिस्त्रींना भर दुकानात सुनावलं. ते गोंधळले.

"मॅडम, तुम्हीच म्हणलात ना, सांभाळा म्हणून? करंट लागला, हात कापला तर तुम्हाला काय तोंड दाखवू?"

बिचारा माणूस दिला शब्द पाळून राहिला होता.

ऑटोपर्यंत सोडायला आलेली पोरगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांभाळायला सांगितलं, काम द्यायला न्हाई सांगितलं. आता पंधरा दिवस राहिले." लाज वाटली मला. आत्ताच सांगते म्हणून मी तरातरा मागं फिरले, तर तिनं दंड धरला.

"आता तुम्ही बोलू नका. नुसतं बसा."

मला बोलू नका! पण बसले बाई स्टुलावर. तिनं कोपऱ्यातली भंगारात निघालेली एक मोटार ओढून आणली आणि ही भरू का, बिघडली तरी नुकसान नाही, असं मिस्त्रींना विचारलं. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. मग ते म्हणाले, भर.

दोन दिवस लागले. दोन्ही दिवस शाळा सुटल्यावर मी त्या स्टुलावर. जुनी तार उपसताना तिचं बोट खरचटलं, माझं "अगं" मी चहाबरोबर गिळलं. एक कॉइल चुकली म्हणून मिस्त्रींनी सगळी काढायला लावली. मला राग आला, तिला नाही. तिनं मुकाट काढली, पुन्हा बसवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटार फिरली. तापते का बघायला मिस्त्रींनी मोटारीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडं न बघता पोरीला म्हणाले, उद्या नऊला ये, जुने कपडे घालून ये. महिना संपायच्या आधी पगार ठरला. मी ऑटोत बसून डोळे पुसले, ऑटोवाल्यानं विचारलं तर धूळ गेली म्हणाले.

यंदा धर्माबादकडची एक मुलगी घेऊन त्याच दुकानात गेले. मिस्त्री गावाला गेलेले, दुकान ती कंधारकडची पोरगीच बघत होती, हात कोपरापर्यंत काळे. जित्याची खोड, माझ्या तोंडून निघालंच, "हिला जरा सांभाळून..."

तिनं स्टूल सरकवून नव्या पोरीला बसवलं आणि तिच्या हातात पक्कड दिली.

"मॅडम, च्या घ्या अन् निघा. आम्हाला लई काम हाय."

इतक्या मायेनं मला आजवर कुणी हाकललं नव्हतं. च्या पिऊन मी निघाले.