वाकडी राहिलेली कड

आजोबांच्या वहीत अमेरिकेचं एक फार जुनं पोस्टाचं तिकीट सापडलं. कडा वाकड्या होत्या, म्हणून मी कात्रीनं तीन बाजू सरळ केल्या आणि कोल्हापुरात रविवारी तिकिटं जमवणाऱ्यांची बैठक भरते, तिथं किंमत विचारायला गेलो.

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या एका माणसाकडे बोट दाखवलं. तो शिरोलीच्या फौंड्रीत कामाला, नखांत काळी वाळू बसलेली. त्यानं तिकीट चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरलं. तिकिटाला वारा लागू नये म्हणून तो दरवेळी मान बाजूला वळवून श्वास सोडायचा.

"कडा तुम्ही कापल्या व्हय, पावणं?"

मी हो म्हणालो. "किंमत गेली का?"

"लई गेली. हे पावणेदोनशे वर्सांमागचं तिकीट. तवा फाडायला तिकिटांच्या कडंला भोकं नव्हती. पोस्टातला माणूस कातरीनं कापून द्यायचा." मग त्यानं उरलेल्या चौथ्या कडेवर भिंग सरकवलं. "पर ही बाजू त्याची हाय. बघा की, हितं त्याचा हात हाललाय."

मी वाकून पाहिलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणाचा तरी हात खरंच तिथं जरासा हलला होता. श्वास सोडायला माझीही मान बाजूला वळली.